सीड्या केसमध्येच ठेवाव्यात की पाऊचच्या फोल्डरमध्ये? घरात जागा कमी आहे.

केसमध्येच. फोल्डर घ्यायची फारच हौस असेल तर त्यात लाइटची बिलं ठेवा.

आमचं घर ग्वाल्हेरचं, लष्कर भागातलं. आबाकाकांकडे गाण्याच्या बैठकी व्हायच्या, त्यांच्या कॅसेटी होत्या. मी रात्री जागून त्या सीडीवर उतरवल्या. प्रत्येकीला केस, आत चिठ्ठी: राग कोणता, तबल्याला कोण, पेटीला कोण. मग आमच्या दादाला कपाट आवरायची हुक्की आली. केस भंगारात, कॅसेटीही ‘आता कशाला’ म्हणून भंगारात, सीड्या चेनच्या फोल्डरमध्ये आणि फोल्डर गच्चीवरच्या खोलीत. तेही मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना.

दिवाळीत यमन लावावा म्हणून एक काढायला गेलो, तर निघेना. पाऊचचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते उष्णतेने बाहेर येतं आणि सीडीच्या वरच्या बाजूला चिकटून बसतं. जरा जोर लावला तर चर्र झालं, रुपेरी पापुद्रा पाऊचलाच राहिला. सीडी ट्यूबलाइटसमोर धरली, तर आरपार उजेड.

दादा म्हणतो, ‘खाली एक चरा नाही, तुझी सीडीच हलकी.’ अरे, खाली काय बघतोस! लेसर खालून १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटमधून, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमधून, वर बघतो. चकाकणारा थर असतो नावाच्या बाजूला, त्यावर फक्त लॅकरचा पातळ हात. खालचा चरा पॉलिशने जातो. वरचा थर निघाला की गाणं गेलं. केसमध्ये सीडी मधल्या दात्यांवर अधांतरी असते, वाजणाऱ्या भागाला काही टेकतच नाही. पैसे त्याचेच द्यायचे.

केस उभ्या ठेवा. काढताना मधले दाते दाबा, कडेने उचकटू नका. पुसायची तर मधून कडेकडे सरळ. गोल पुसलंत तर चरा ट्रॅकच्याच दिशेने पडतो आणि प्लेअरला तो सावरत नाही.

हे सगळं मुख्यतः घरी राइट केलेल्या सीड्यांचं. गाणं ज्यात उतरतं तो त्यांच्यातला रंगाचा थर ऊन-उकाड्याने उडतो. विकतच्या छापील अल्बमना तो थरच नसतो. पॉलिप्रॉपिलीनचे, आत मऊ अस्तराचे पाऊचही तसे ठीक आहेत. जागेचं म्हणाल तर स्लिम केस घ्या, साध्या केसच्या निम्म्या जाडीची येते. आणि हार्ड डिस्कवर कॉपी काढून ठेवा, आजच.

दादा, तू हे वाचशीलच. ताईला दिलेली सीडी तू ‘हलक्या’ म्हणतोस त्याच कोऱ्या सीड्यांच्या डब्यातली होती, तिच्याकडे केसमध्ये राहिली. परवा लावली. पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत वाजली, कुठे अडकली नाही.