बघण्यासारखी मराठी मालिका खरंच आहे का, की सगळ्यांतच पाणी घातलेलं असतं?

तुम्ही लिहिलंय की पायाला प्लास्टर आहे, महिनाभर घरी आहात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावी अशी मराठी मालिका सुचवा. आणि खाली जोडलंय, "मित्र म्हणतात मराठीत सगळा कचरा आहे, इंग्रजीच बघ." हे खालचं वाक्य नसतं तर दोन नावं सांगून मी गप्प बसलो असतो.

'अग्निहोत्र' बघा. या नावाच्या दोन आहेत, त्यातली 2008 साली सुरू झालेली, पहिली. उत्तर झालं. आता कचऱ्याबद्दल बोलू.

2016-17 मध्ये अकरा महिने मी एका रोजच्या मराठी मालिकेवर कंटिन्युइटी बघत होतो. मालिकेचं नाव सांगणार नाही, त्या लोकांच्या पंगतीला मी जेवलोय. शूटिंग घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे एका बंगल्यात चालायचं. मी कळव्याहून निघायचो. माजिवड्याच्या नाक्यावर अर्धा तास ठरलेला. सातचा कॉल असला की आई पहाटे उठून डबा भरायची आणि मी चपला घालत असताना विचारायची, "आज उघडणार का?"

म्हणजे पत्र. मालिकेत नायिकेची आजी मरताना तिला एक बंद पाकीट देते आणि सांगते, घराच्या वाटण्या निघतील त्या दिवशी उघड. पाकीट 40व्या भागात आलं. 60व्या भागात उघडायचं असं सुरुवातीच्या कागदांत लिहिलेलं होतं. उघडलं 281व्या भागात.

मधला सगळा काळ ते पाकीट माझ्या ताब्यात होतं. कंटिन्युइटीवाल्याचं कामच ते. बाई दारातून आत येतात तो सीन सोमवारी होतो आणि आत आल्यानंतरचा गुरुवारी. मग मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, टिकली केवढी होती, कप कुठल्या हातात होता, हे सगळं जुळलं पाहिजे. पाकिटाचे मी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग, मधोमध एक घडी. हाताळून कागद विरला की नवीन पाकीट आणायचं, त्याच जागी तसाच डाग पाडायचा, घडी घालून रात्रभर रजिस्टरखाली दाबून ठेवायचं. अशी तीन पाकिटं झाली.

आत दोन कोरे कागद होते, पाकीट जाड दिसावं म्हणून.

आमच्या मजल्यावरच्या बायका रोज आईला विचारायच्या आणि आई अभिमानानं सांगायची, "त्याला ठाऊक आहे, पण सांगायची बंदी आहे." मी तिला दहादा सांगितलं की आई, पत्रात काय आहे ते अजून कुणी लिहिलेलंच नाही. तिला ते पटेना. म्हणाली, "फोडणी टाकणाऱ्याला माहीत नसतं का आमटी करतोय की उसळ?" शेवटी मी आमच्या लेखिकेला विचारलं. ती म्हणाली, तिनं तीन पर्याय पाठवलेत, चॅनलनं एकही पक्का केलेला नाही. तेव्हा मालिकेचे दीडशे भाग होऊन गेले होते.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण "लेखकांना अक्कल नाही" हे साफ खोटं आहे. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. सेटवर आधीच खर्च झालेला असतो, तो भागांवर वाटला जातो, म्हणून जितके भाग जास्त तितका प्रत्येक भाग स्वस्त. आठवड्याला सहा भाग द्यायचे. मालिका चालत असेल तर थांबवायची नाही आणि पडली की पंधरा-वीस दिवसांत गुंडाळायची. म्हणजे शेवट कधी, हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं. ज्याला शेवट माहीत नाही तो पत्र कसं उघडेल? तो ते चोरीला घालवेल, पावसात भिजवेल, खलनायिकेच्या कपाटात ठेवेल. आम्ही हे तिन्ही केलं.

एक दिवस मात्र विसरणार नाही. नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या बाई नाटकातल्या होत्या. रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग केला तरी सकाळी संवाद पाठ करून हजर. त्या दिवशी सीन असा की आई चोरून पत्र वाचते आणि कोसळते, पण काय वाचलं ते प्रेक्षकांना कळत नाही. लाइट लावल्यावर कॅमेरामन म्हणाला, मागून उजेड येतोय, कागद कोरा असल्याचं कळतंय, काहीतरी लिहा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन मिनिटांत सुचणार काय? मी माझ्या वहीतल्याच नोंदी शाईच्या पेनानं उतरवून काढल्या. "सीन 14, दिवाणखाना, रात्र. हिरवी साडी. डाव्या हातात दोन बांगड्या. केस मोकळे." बाईंनी ते हातात घेतलं, ओळीवरून ओळीवर डोळे फिरवत वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ग्लिसरीन नाही, दुसरा टेक नाही. सेटवर कुणी हललं नाही. कट झाल्यावर त्यांनी कागद बरोबर जुन्या घडीवरच दुमडला, कारण मी सकाळी तसं सांगितलं होतं, आणि माझ्या हातात दिला.

त्या सीनच्या प्रोमोवर आकडे वर गेले, आणि आकडे वर गेले म्हणून पत्र आणखी नव्वद भाग लांबलं.

मग एका गुरुवारी आकडे पडले आणि सोमवारी सांगण्यात आलं, अठरा दिवसांत आटपा. पत्र उघडलं. घर नातीच्या नावावर केलंय, एवढंच त्यात होतं. त्या रात्री मी घरी होतो. आई टीव्हीसमोरून उठली नाही, वळून मला म्हणाली, "हे तर मला पाकीट दिलं त्याच दिवशी कळलं होतं." मग म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" मी नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. वर्षभर तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की पोराकडे मोठं गुपित आहे. पुढचे चार दिवस ती गॅलरीत बसायला गेली नाही.

त्याच वर्षी गणपतीत माझा मेव्हणा आला. नेरुळला असतो. आरती झाल्यावर, दहा माणसांत, आई समोर बसलेली असताना म्हणाला, "भावोजी, तुम्ही लोक पाच मिनिटांची गोष्ट वर्षभर दाखवता, आणि बायका बघतात म्हणून तुमचं भागतं." मी काही बोललो नाही. पाहुणा, आणि सणाचा दिवस. पण तुमच्या मित्रांचं वाक्य वाचलं आणि तेच ऐकल्यासारखं वाटलं.

पुढे लॉकडाउनमध्ये त्यानं 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका नऊ दिवसांत संपवली आणि मला फोन केला, "याला लिखाण म्हणतात." मीही बघितली. लिखाण उत्तम आहे, वादच नाही. पण 62 भाग, आणि तेही 2008 ते 2013 अशा पाच सीझनमध्ये. आमच्याकडे 62 भाग साडेदहा आठवड्यांत लागतात. त्यांचा भाग आमच्या दुप्पट लांब असतो, म्हणून वीस-एकवीस आठवडे धरा. जे त्यांनी पाच सीझनमध्ये केलं ते आम्ही पाच महिन्यांत करायचं, शिवाय शेवट कधी ते न सांगता.

आणि त्यात एक गोष्ट आहे जी मेव्हण्याला मी अजून सांगितलेली नाही. शेवटच्या सीझनच्या अगदी सुरुवातीला नायकाच्या ताब्यात गाडीच्या डिकीतली एक मशीनगन येते. हा सीन घेतला तेव्हा त्या बंदुकीचं पुढे काय करायचं हे लिहिणाऱ्यांनी ठरवलंच नव्हतं. मालिका तयार करणाऱ्या विन्स गिलिगन यांनी स्वतः हे सांगितलंय. म्हणजे त्यांच्याही पाकिटात कोराच कागद होता! फरक एवढाच की 16 भागांत संपवायचंय हे त्यांना माहीत होतं. त्या 16 भागांत बंदुकीला काम शोधणं भाग होतं, ते त्यांनी शोधलं. आमच्या लेखिकेला असे 16 भाग कुणी दिले असते तर तिनंही शोधलं असतं. ती कमी हुशार नव्हती.

तेव्हा मालिका निवडताना भाषा बघू नका, तिला शेवट होता का ते बघा.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 च्या जानेवारीत सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये संपली. लोक डोक्यावर घेत असताना थांबवली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. गोष्ट साधी आहे, कराराचं लग्न आणि मग खरं प्रेम, पण कुठंही ताटकळत ठेवत नाही. दिग्दर्शक सतीश राजवाडे, 'अग्निहोत्र'वालेच. त्यांचीच 'असंभव' त्याच्याही आधीची, 2007 ची, पुनर्जन्मावरची, पटकथा चिन्मय मांडलेकर यांची. ती रात्री बघा. मध्ये थोडी रेंगाळते, पण सोडू नका.

'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या दोन्ही बघा, 2016 ची आणि 2019 ची. माझ्या मते दुसरी सरस, आणि का ते सांगतो. पहिलीची सुरुवातच घरातल्या कर्त्या पुरुषाच्या, अण्णांच्या मरणानं होते. दुसरी त्याच्या आधीची गोष्ट सांगते. म्हणजे अण्णा मरणार हे बघणाऱ्यालाही माहीत आणि लिहिणाऱ्यालाही. शेवट आधीच बांधलेला, म्हणून माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांना खेळायला ठाम जमीन मिळाली. तिसरी मला आवडली नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे'ला पत्रच नाही. आठवड्यातून एकदा लागायची, दर वेळी नवी गोष्ट, दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आजारी माणसाला यापेक्षा चांगली सोबत मला माहीत नाही. रोज दोन भाग, जास्त नको.

अलीकडचं हवं असेल तर 'मानवत मर्डर्स', 2024 ची, आठच भाग. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यात झालेल्या खुनांचा तपास आहे, तो करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून. जेवताना लावू नका. 'आणि काय हवं' त्याच्या अगदी उलट, प्रिया बापट आणि उमेश कामत, नवरा-बायकोच्या छोट्या छोट्या गोष्टी. एका दुपारी एक सीझन होतो.



दोन गोष्टी राहिल्या. मी लांब मालिकांवर सरसकट फुली मारतोय असं वाटेल, पण तसं नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग झाले. आईनं ती बघितली आणि रोहिणी हट्टंगडींसाठी बघितली. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरात येणारं माणूस म्हणून अशा मालिकेची किंमत वेगळी असते, ती माझ्या मेव्हण्याला कधी कळणार नाही. फक्त एका महिन्याच्या प्लास्टरसाठी ती सुरू करू नका. आणि 'अग्निहोत्र'ही निर्दोष नाही, मधल्या काही भागांत तीच चर्चा पुन्हा होते. नंतर त्याच नावाची दुसरी आली होती, तिच्या वाटेला जाऊ नका.

लॉकडाउनमध्ये शूटिंगं बंद पडली तेव्हा मी आईला 'अग्निहोत्र' लावून दिली होती. नाशिकचा वाडा, पांगलेलं घराणं, आठ गणपतींचं गुपित. विक्रम गोखले, मोहन जोशी, विनय आपटे, सगळे एकाच घराण्यात. काही भाग झाल्यावर तिनं रिमोट हातात घेऊन थांबवलं आणि मला विचारलं, "यांना तरी माहीत आहे का, गणपतींचं काय ते?"

मी म्हणालो, "यांना माहीत आहे असं दिसतंय."

"मग लाव पुढचा," म्हणाली.

पहिल्या काही भागांत नातीगोती इतकी येतात की गोंधळ उडतो. आईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळी वंशावळ लिहून काढली होती, कोण कुणाचा भाऊ, कोण घर सोडून गेलं. तुम्हीही कागद-पेन्सिल जवळ ठेवा.