वाचकांचे प्रश्न : उपवासकाळात मननाला वेळ कुठून काढायचा?

प्रश्न : वसईहून रोज चर्चगेटला नोकरीला जाते. मार्चअखेरची कामं, त्यात मुलाची दहावी. दर वर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हा, ठरवते की पहाटे पाचला उठून अर्धा तास मनन करायचं. दुसऱ्याच आठवड्यात सगळं बारगळतं. कुठे चुकतं?

उत्तर : पहाट चुकते आणि अर्धा तासही. रात्री अकराला भांडी आवरून झोपणाऱ्या बाईला पाचचा गजर चार दिवस ऐकू येतो. त्यापेक्षा दहा मिनिटं धरा आणि ती रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा. सकाळचा चहा उत्तम. कप हातात, खुर्ची तीच, जागा तीच. ओट्याशी उभ्याने मात्र नको. तिथे डोळ्यांसमोर डबेच येतात.

काय वाचायचं हे रोज सकाळी ठरवायला बसलात तर दहा मिनिटं त्यातच जातील. मार्कलिखित शुभवर्तमान घ्या, बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत सगळ्यात छोटं, १६ अध्याय. रविवार सोडले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत ३४ दिवस मिळतात. पहिले १३ अध्याय रोज अर्धा याप्रमाणे २६ दिवसांत होतात. उरलेले ८ दिवस मुद्दाम मोकळे ठेवा. पेपरच्या आदल्या रात्रीचं जागरण, पाहुणे, ताप, सगळं त्यात बसतं. आजवर तुमचं बारगळलं ते बहुधा असे दिवस हिशेबात न धरल्यामुळेच. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं, तेही राहिलं की पुस्तक मिटायचं, असंच होतं. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी घ्या, दुप्पट करू नका. त्यानंतरच्या पवित्र आठवड्यात १४ आणि १५ हे दोन अध्याय येतात. मिळून ११९ ओव्या. सोमवार ते शुक्रवार रोज साधारण २४. शनिवारी काही वाचू नका, नुसतं बसा.

दहा मिनिटांची वाटणी अशी : आधी मिनिटभर गप्प. मग उतारा दोनदा, दुसऱ्यांदा ओठ हलवत, सावकाश. जो शब्द अडेल तिथे थांबा आणि चारेक मिनिटं तोच घोळवा. त्यावरून देवाला जे सांगावंसं वाटेल ते सांगा, मग वहीत एक ओळ. ती ओळच लोकलमध्ये सोबत न्या. विरार गाडीच्या गर्दीत पुस्तक उघडायला हात कुठे मोकळा असतो? बायबल कागदाचंच घ्या. मोबाईलवर वाचायला गेलात की वरून शाळेच्या ग्रुपचा मेसेज टपकतोच.

तरीही मध्येच कोणी हाक मारेलच. पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात एकांती प्रार्थनेला जातो, आणि त्याचा शिष्य शिमोन शोधत येऊन सांगतो, सगळे तुम्हांला शोधताहेत. तेव्हा मुलाने भूगोलाची वही विचारली तर चिडू नका.

प्रश्न : राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास धरतो, पण दुपारपासून डोकं इतकं ठणकतं की प्रार्थनेत मन लागत नाही.

उत्तर : त्या दिवशी चहाही सोडता का? मग कारण बहुधा तेच. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने चहा एकदम तोडला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं. सोडायचाच असेल तर आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा. पाणी भरपूर प्या.

कॅथलिक नियम एवढाच : १८ पूर्ण ते ५९ वयापर्यंत, एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. मांस वर्ज्य मात्र १४ पूर्ण झाल्यापासून, पुढे कायम. आजारी आणि गरोदर यांना उपवासातून सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका.

मननाची वेळ दुपारी तीन-चारला ठेवूच नका, तेव्हा शरीर फक्त भूक ऐकतं. ज्या वेळचं पोटभर जेवण टाळलं, तो जेवणाचा अर्धा तास घ्या. तो आयताच मोकळा झालेला असतो.