आजीच्या गोधड्या आणि स्मरणिकेची पाने

प्रश्न : आमची आजी गेल्या वर्षी नाताळाच्या आठवडाभर आधी, वयाच्या ८९ व्या वर्षी, प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. पहिल्या स्मृतिदिनी आम्ही नातवंडे एक लहानशी स्मरणिका काढणार आहोत. परंतु लिहायला बसलो की ‘अत्यंत भाविक, प्रेमळ आणि प्रार्थनाशील’ यापुढे लेखणी सरकत नाही. गावात कोणाच्याही घरी मूल जन्मले की ती हाताने शिवलेली गोधडी पाठवीत असे, मग ते घर कोणत्याही जातीधर्माचे असो. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, असेही आम्ही ऐकून आहोत. मधला मुलगा विहिरीत बुडून गेल्यावर मात्र वर्षभर तिने चर्चची पायरी चढली नाही. हे छापू नये, असे थोरल्या काकांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
— एक नात, राहुरी तालुका

उत्तर : आपण पत्रात जे ओझरते लिहून पुढे गेलात, तेच स्मरणिकेत सविस्तर यायला हवे. ‘प्रार्थनाशील’ हा शब्द खोटा नाही. पण तो जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती आजीच्या स्मरणिकेत असतो, आणि तो वाचून आपल्या आजीचा चेहरा कोणाच्याही डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

पवित्र शास्त्रात स्त्रियांचे स्मरण कसे केले आहे, ते एकदा पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात यापो येथील टबीथा, म्हणजेच दुर्कस, मरण पावते. पेत्र माडीवर येतो तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती जमतात आणि दुर्कसने आपल्याबरोबर असताना केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिच्या भक्तीविषयी त्या काय बोलल्या, हे तिथे लिहिलेले नाही; त्यांनी कपडे दाखवले, एवढेच लिहिले आहे. हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला त्या बायकांच्या हातांतली वस्त्रे दिसतात. आपल्याकडे तर गोधड्या आहेत.

नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापण्याची आपल्या मंडळ्यांत प्रथाच आहे, आणि आपणही तो छापाल. पण त्यातले सद्गुणी स्त्रीचे वर्णन आधी पूर्ण वाचा. ती लोकर मिळवते, सूत कातते, रात्री तिचा दिवा विझत नाही, शेत पाहून ते विकत घेते, द्राक्षमळा लावते आणि दीनांपुढे हात पसरते तो द्यायला. इतकी सगळी कामे सांगून झाल्यावर परमेश्वराच्या भयाचा उल्लेख येतो, तोही शेवटून दुसऱ्या वचनात.

तेव्हा प्रथम गोधड्या शोधा. ज्या घरांत त्या गेल्या, त्या घरी स्वतः जा. गोधडी अजून असेल तर तिचे छायाचित्र घ्या, ती कोणाच्या जन्माच्या वेळी आली, तिच्यात कोणाच्या जुन्या लुगड्याचे पदर होते, आजी ती देताना काय म्हणाली, हे त्या घरच्या माणसांच्या शब्दांत लिहून घ्या. दुष्काळी कामाविषयी तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या बायकांना विचारा : कामावर मिळणारी सुकडी ती तिथेच खात असे की पदरात बांधून मुलांसाठी घरी आणत असे? त्या बायका आता ऐंशीच्या आसपास असतील, म्हणून हे काम छपाईची चौकशी करण्याच्याही आधी, याच महिन्यात करा. आजी गात असलेल्या गीतांची चाल ज्यांना येते त्यांच्याकडून ती ध्वनिमुद्रित करून ठेवा, कारण पुस्तकात शब्द राहतात, गावाची चाल राहत नाही.

तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि जमल्यास तिच्या आजीचेही नाव छापा. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण नावे घेऊनच केली आहे. यासाठी तिच्या माहेरच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही पाहू द्यावी, अशी तिथल्या पाळकांना विनंती करा, आणि तिच्या बायबलची पहिली व शेवटची कोरी पाने उघडून पाहा. पुष्कळ घरांत जन्ममृत्यूच्या तारखा तिथेच टिपलेल्या सापडतात.

आता काकांच्या हरकतीविषयी. त्यांना आईची अब्रू जपायची आहे, हे मी जाणतो, तरीही माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे, कारण टिळकांचे बिऱ्हाड काही वर्षे राहुरीतच होते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख, नवऱ्यापासून दूर काढलेला काळ, पुन्हा एकत्र आल्यावरही पाळलेले सोवळे, आणि मग १९०० मध्ये स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काहीही न झाकता सांगितले. त्यांच्या मुलाने आणि पुढे नातवाने ते लेखन जपले, संपादित केले. आईचे किंवा आजीचे रडणे-भांडणे त्यातून काढून टाकावे, असे त्यांना वाटले नाही. म्हणूनच लक्ष्मीबाईंचा विश्वास वाचकाला खरा वाटतो. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्रही अंधारावरच संपते, आणि तरी ते उपासनेच्या ग्रंथात आहे.

मूल गेलेल्या आईने वर्षभर देवळाकडे पाठ फिरवली आणि नंतर ती परत आली, यात लपवण्यासारखे काहीही नाही. मात्र ते पान आपण नातवंडांनी लिहू नये. ते काकांना लिहायला सांगा, आणि त्यांची तयारी होईपर्यंत थांबा. भाऊ गेला तेव्हा ते त्याच घरात होते. चर्चची घंटा वाजल्यावर त्या वर्षी रविवारी आई घरात काय करीत बसे, आणि ज्या रविवारी ती पुन्हा उठून निघाली त्या दिवशी तिच्याबरोबर कोण गेले, हे सांगू शकणारे आता कदाचित तेच एकटे उरले असतील.