शिकवणाऱ्यांनी आधी शिकायला बसावं

प्रश्न : आमच्या गावात वाचनालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते. शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी तिथं नाटक, मातीकाम, शिवण, गाणं असं काही सुरू करायचं आहे. शिकवायला गावातलीच माणसं तयार आहेत : शिवणकाम करणाऱ्या एक ताई, निवृत्त बस कंडक्टर, भजनी मंडळातले पेटीवाले आणि बी.एड. करणारी एक मुलगी. मागे असाच वर्ग काढला होता, पण थोड्याच दिवसांत मुलं यायची बंद झाली. या मोठ्यांना तयार कसं करावं? मानधन द्यावं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमची यादी वाचून फार आनंद झाला. बेळगावहून कुणी तज्ज्ञ आणायची गरज नाही. मातीकामात अडलं तर खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था खुद्द खानापुरात आहे, तिथं जाऊन विचारा.

मी बरीच वर्षं मुलांची नाटकं बसवते आणि आता मोठ्यांनाही या कामासाठी तयार करते. स्वतःला कला येणं वेगळं आणि चौदा वर्षांच्या मुलाला ती करू देणं वेगळं, असं माझं ठाम मत आहे. पहिलं तुमच्या माणसांना येतंच. प्रशिक्षण हवं ते दुसऱ्याचं.

म्हणून पहिल्या बैठकीत कुणालाही आपलं येणारं काम देऊ नका. शिवणाच्या ताईंना सगळ्यांसमोर शेवटची बस चुकल्याचा अभिनय करायला लावा, तोही एक शब्द न बोलता. कंडक्टर काकांच्या हातात मातीचा गोळा द्या, पेटीवाल्यांना सुई-दोरा. चारचौघांत न जमणारं काम करताना कान कसे तापतात ते कळू द्या. या वयाच्या मुलांना ते रोज सोसावं लागतं. मग विचारा, ‘त्या वेळी शेजारच्यानं काय बोलायला हवं होतं? काय बोलायला नको होतं?’ उत्तरं फळ्यावर लिहून घ्या. तुमच्या वर्गाचे नियम तेच.

दुसरी गोष्ट हाताची. बाहुलीचा झगा शिवताना मुलाचा टाका वाकडा जातो. ताईंचा हात आपोआप पुढं येतो, ‘आण इकडं, अस्सं!’ झगा सुरेख होतो, आणि मुलाच्या लेखी तो ताईंचा झगा होतो. पुढच्या आठवड्यात मुलगा येत नाही. याचा सराव मी जोड्या लावून घेते : एकानं हात पाठीमागे बांधायचे आणि नुसतं बोलून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं. ‘टाका कुठं सुटला, तूच दाखव’, ‘पुढं काय करायचं ठरवलंयस?’ असली वाक्यं तोंडात बसेपर्यंत करायचं. ‘छान, छान’ हेही कमी करायला सांगा. नेमकं काय जमलं ते बोलावं.

बी.एड.च्या मुलीला सूक्ष्मपाठ माहीत असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 1960 च्या दशकात निघालेली ही पद्धत तुमच्यासाठी अगदी योग्य आहे. सहा-सात मिनिटांचा पाठ, कौशल्य एकच, बाकीचे बघणार, बोलणार, आणि लगेच तोच पाठ पुन्हा. सुरुवात प्रश्न विचारून थांबण्यापासून करा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त आणि विचार करून बोलतात. आपल्याकडे तर मूल मनात मराठी-कन्नड जुळवत असतं. त्यानं अर्धं वाक्य कन्नडमध्ये टाकलं तर टाकू द्या. नाटकात ते शोभूनही दिसतं.

एक मात्र सक्तीचं. 18 वर्षांखालच्या मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करण्यासाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे, तो वर्ग उघडण्यापूर्वी सगळ्यांनी समजून घ्यावा. अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, आणि मुलांना खासगी मेसेज पाठवायचे नाहीत. गावातलीच माणसं आहेत, ओळखीची आहेत, म्हणून यात सूट देऊ नका.

मुलं टिकतील ती काम त्यांचं असेल तर. बेळगावच्या शिवजयंतीत चित्ररथावर सजीव देखावे करणारी पोरं बघा. रात्र-रात्र जागतात, कारण पोशाख त्यांनी जमवलेला असतो आणि बघायला सगळा गाव रस्त्यावर येणार असतो. तुम्हीही जूनमध्येच ठरवा, की दिवाळीत वाचनालयासमोर किल्ला करायचा किंवा छोटं नाटक करायचं. काय करायचं ते मुलांनाच ठरवू द्या. पावसाळ्यात तुमच्याकडे लवकर अंधारून येतं, वीजही जाते. वेळ ठरवताना मुलींच्या आयांना आधी विचारा, नाहीतर मुली गळतील. दहावीच्या मुलांना जानेवारीनंतर मोकळं सोडा.

मानधन जरूर द्या, थोडं का असेना. फुकट येणाऱ्या माणसाला ‘आज तुम्ही मुलाच्या हातातून काम काढून घेतलंत’ असं सांगायला जीभ रेटत नाही. प्रशिक्षणाच्या बैठकांचेही पैसे त्यात धरा आणि रक्कम सगळ्यांना सारखी ठेवा, बी.एड.च्या मुलीला कमी नको.