डोळ्यातलं जेल काढून टाकलं तर डोळा रिकामा नाही का होणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या डाव्या डोळ्यात मधुमेहामुळे रक्त उतरलंय, तीन महिने झाले तरी निवळत नाही, डॉक्टर विट्रेक्टॉमी करा म्हणतात. आतलं जेलच काढायचं म्हटल्यावर डोळा बसणार नाही का, आणि हा उद्योग मुळात सुचला कोणाला?

मी डॉक्टर नाही. डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या, म्हणजे जिथे चित्र उमटतं त्या मागच्या थराच्या) ऑपरेशनांना सोळा वर्षं ओटी असिस्टंट म्हणून उभी राहिले आहे, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

तुमची भीती वेडगळ नाही. 1960च्या आसपास भल्याभल्या नेत्रतज्ज्ञांनाही ती होती. मोतीबिंदू काढताना जेल बाहेर आलं की सर्जनच्या पोटात गोळा यायचा. हे जेल मागच्या पडद्याला काही ठिकाणी घट्ट धरून असतं. ते ओढलं की पडदा फाटू शकतो. मग अमेरिकेत मायामीच्या डेव्हिड कॅसनर या नेत्रतज्ज्ञांनी डोळा पुढून उघडून खराब जेल कापून काढलं, आणि डोळा टिकला. तिथेच जर्मनीहून आलेले एक तरुण संशोधक होते, रॉबर्ट माखेमर. ते तेव्हा माकडांच्या डोळ्यांत पडदा सुटल्यावर नेमकं काय बिघडतं आणि तो परत बसवला तर किती सुधारतं, याचा अभ्यास करत होते. त्यांनी विचार केला, एवढा डोळा उघडायचाच कशाला? बाजूने बारीक भोक पाडून आत जाता येईल की.

आणि सराव कशावर केला, तर अंड्यावर! अंड्यातला पांढरा बलक आपल्या डोळ्यातल्या जेलसारखाच चिकट, लांबणारा. नळीत फिरणारं पातं बसवायचं, ते टोक अंड्यात घालायचं आणि बलक कापत कापत ओढून घ्यायचा. आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर बकऱ्याच्या डोळ्यांवर हात बसवतात. ते डोळे सकाळी खाटकाकडून आणून बर्फात ठेवायचं काम कित्येकदा माझ्याकडे असायचं. (पहिल्या दिवशी जेवले नव्हते. नंतर सवय झाली.)

20 एप्रिल 1970 रोजी माखेमर यांनी या पद्धतीने पहिलं ऑपरेशन केलं. रुग्ण तुमच्या वडिलांसारखाच: मधुमेही, डोळ्यात उतरलेलं रक्त पाच वर्षं निवळलेलं नाही. ऑपरेशननंतर त्याला बरंच दिसू लागलं.

या यंत्राची सगळी अक्कल एका गोष्टीत आहे: जेल आधी कापायचं, मगच ओढायचं. टोकाजवळच्या बारीक खिडकीत जेल येतं, आतलं पातं ते लगेच छाटतं, त्यामुळे ओढ पडद्यापर्यंत फारशी पोचत नाही. आजचे कटर मिनिटाला हजारो वेळा कापतात आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचे असतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात तीन भोकं पाडतात: एकातून कटर, एकातून दिवा, तिसऱ्यातून सलाईनसारखं पाणी. आतून जेवढं निघतं तेवढं पाणी त्याच क्षणी भरत राहतं, म्हणून डोळा बसत नाही. बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. जेल मुळात जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते पुन्हा तयार होत नाही, पण डोळा स्वतःच्या पाण्याने ती जागा भरून काढतो आणि काम अडत नाही.

पडदाही सुटला असेल तर शेवटी आत गॅस किंवा सिलिकॉन ऑइल भरतात. गॅस असेल तर विमान नाही, आणि उंच घाटही नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो. आमच्याकडे महाबळेश्वरचे एक काका होते; त्यांना घरी जायची कोण घाई! शेवटी वाईत बहिणीकडे राहिले, गॅस विरेपर्यंत. गॅस कुठला त्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही दिवस लागतात. पालथं झोपायला सांगितलं तर ते मात्र कंटाळा न करता पाळायला लावा. वडील मंडळी डॉक्टरांसमोर हो म्हणतात आणि घरी उताणे झोपून टीव्ही बघतात.

एक तोटा आधीच सांगते: मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालं नसेल तर या ऑपरेशननंतर मोतीबिंदू लवकर वाढतो. आणि रक्त काढलं म्हणजे नजर आलीच असं नाही. काच पुसली तरी मागची फिल्म कशी आहे त्यावर चित्र अवलंबून. रक्तामुळे आतलं दिसत नाही म्हणून बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करतात. तिचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: पडदा जागेवर आहे का, आणि पडद्याच्या मधल्या भागाला ओढ बसतेय का? ओढ बसत असेल तर लग्नसराई, दिवाळी बघत थांबू नका.