आखेनला शिकायला येताना: ओरिएंटेशन का चुकवू नये आणि मदत कुठे मागावी

जर्मनीतल्या आखेन शहरातील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाल्याचे कळवून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दसरा घरी करून, स्वस्त तिकीट मिळेल तेव्हा, व्याख्याने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचले तर चालेल का, काही अडले तर विद्यापीठात कोणाकडे जायचे, आणि इथल्या भारतीय मुलांच्या ग्रुपवर किती अवलंबून राहावे. मी याच विद्यापीठातून मास्टर्स केले, नंतर नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचे काम केले आणि आजही याच शहरात नोकरी करते. त्या आधारावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे देते: तसे करू नका. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते आणि व्याख्याने त्यानंतर काही दिवसांनी सुरू होतात. पण तुमच्या कामाचा काळ त्याआधीचा आहे. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तुम्ही इथे असायला हवे.

ओरिएंटेशन म्हणजे कुलगुरूंचे भाषण आणि परिसराची फेरी एवढेच असेल, असा समज आपल्याकडे सहज होतो. इथे त्याचे दोन वेगळे भाग असतात. एक भाग आंतरराष्ट्रीय विभागाचा. टेम्प्लरग्राबेन रस्त्यावरच्या सुपरसी नावाच्या काचेच्या उंच इमारतीत विद्यार्थ्यांची बहुतेक प्रशासकीय कार्यालये आहेत आणि विमा, नावनोंदणी, निवास परवाना यांची माहिती त्या विभागाकडून मिळते. ‘बीबडी’ नावाच्या उपक्रमात नाव नोंदवले, तर आधीपासून शिकत असलेला एक विद्यार्थी तुम्हाला जोडून दिला जातो. इंकास ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी काम करणारी विद्यार्थ्यांचीच संघटना आहे, आणि पोंटश्ट्रासवरचे हुम्बोल्ट-हाउस हे अशा भेटीगाठींचे ठिकाण आहे.

दुसरा भाग, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, फाखशाफ्टचा असतो. फाखशाफ्ट म्हणजे एका विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांनी निवडलेली प्रतिनिधी मंडळी. कोणता विषय पहिल्या सत्रात घ्यावा, कोणत्या प्रयोगशाळेच्या जागा लवकर भरतात, कोणती परीक्षा तोंडी असते, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, हे त्यांना जितके नेमके ठाऊक असते तितके कोणत्याही माहितीपत्रकात नसते. आपल्याकडे वर्ग ठरलेला असतो, वेळापत्रक सूचनाफलकावर लागते आणि वर्गशिक्षक हजेरी घेतात. इथे विषयांची निवड, वेळापत्रकाची जुळणी आणि परीक्षेची नोंदणी ही सारी तुमची जबाबदारी असते, आणि तुम्ही दोन महिने वर्गात दिसला नाहीत तरी कोणी चौकशी करत नाही. पहिल्या आठवड्यात ही मंडळी स्वतःहून तुमच्यासाठी वेळ काढतात; नोव्हेंबरमध्ये तेच प्रश्न घेऊन गेल्यास उत्तरे मिळतात, पण तोवर काही मुदती उलटलेल्या असतात. बॅचलरच्या विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम बहुधा जर्मन भाषेत असतात. तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यास त्यासाठीचा स्वतंत्र परिचय-कार्यक्रम कधी आहे, हे आजच ईमेल करून विचारा.

लवकर येण्याचे दुसरे कारण कागदपत्रांचे आहे, कारण इथे एक कागद दुसऱ्यावर उभा असतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेले वास्तव्याचे प्रमाणपत्र लागते. केवळ भाडेकरार पुरत नाही. निवास परवान्याच्या अर्जाला ही नोंद लागते आणि अनेकदा बँकेलाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या खात्यात, भरलेले वर्षाचे ११,९०४ युरो महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने मिळतात, पण ते इथे चालू खाते उघडल्यावरच हाती येतात. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च आणि घराची अनामत वेगळी जवळ ठेवा. कायद्याने अनामत महिन्याच्या मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. आरोग्य विम्याचे काम तर निघण्यापूर्वीच सुरू करा, कारण तुमचा विमा असल्याचे विमा कंपनीने विद्यापीठाला परस्पर कळवल्याखेरीज प्रवेश पूर्ण होत नाही, आणि भारतात काढलेला प्रवास विमा त्यासाठी चालत नाही. एक बारीकशी गोष्टही सांगते: घराच्या टपालपेटीवर तुमचे आडनाव लावलेले नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. बँकेचा पिन, विम्याचे कार्ड, कर क्रमांक हे सारे टपालाने येते, त्यामुळे किल्ली हाती आल्याच्या दिवशीच नावाची चिठ्ठी चिकटवा.

घराविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिणे आवश्यक वाटते. वसतिगृहे आणि मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची भोजनगृहे, विद्यापीठ चालवत नाही; ती श्टुडिअरेंडेनवेर्क ही स्वतंत्र सार्वजनिक संस्था चालवते आणि जर्मनीत अशा ५७ संस्था आहेत. तेथे वेगळा अर्ज करावा लागतो, प्रतीक्षायादी मोठी असते, आणि प्रवेशाबरोबर खोली आपोआप मिळत नाही. आखेन सीमेवरचे शहर असल्याने पलीकडच्या नेदरलँड्समधील फाल्स गावातील खोल्यांच्या जाहिराती तुम्हाला दिसतील. बसने ते अंतर थोडे आहे, परंतु तुमचा व्हिसा जर्मनीत राहण्याचा आहे. त्यावर नेदरलँड्समध्ये कायमचा मुक्काम करता येत नाही. युरोपीय विद्यार्थ्यांना जे चालते ते आपल्याला चालत नाही, हे इथे लक्षात ठेवा.

आता परीक्षांबद्दल. एखादी लेखी परीक्षा देण्यासाठी ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि तयारी झाली नसल्यास मुदतीतच नाव मागे घ्यावे लागते. आजारी पडल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र विनाविलंब द्यावे लागते. निकाल लागल्यावर दिलेले कारण ऐकून घेतले जात नाही. एका परीक्षेला साधारणपणे तीनच संधी असतात, आणि अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा अपयश आले तर तो अभ्यासक्रम तेथे संपतो. मग निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. एटीकेटीची सवय असलेल्या मुलांना हे फार उशिरा उमगते, म्हणून ठासून सांगते: दुसऱ्यांदा नापास झालात तर तिसऱ्या प्रयत्नाची नोंदणी करण्यापूर्वी अभ्यासक्रम सल्लागाराची वेळ घ्या. दीर्घ आजार किंवा अपंगत्व असल्यास परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी व्यवस्था मागता येते, मात्र तोही अर्ज परीक्षेच्या बराच आधी करावा लागतो.

मानसिक आधाराच्या सेवांबद्दल आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. डिसेंबरमध्ये इथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असते, पहिल्या परीक्षा जवळ येत असतात आणि घरी मात्र सगळे छान चालले आहे असेच सांगितले जाते. घरच्यांनी कर्ज काढलेले असते, त्यामुळे अडचण बोलून दाखवणे म्हणजे त्यांना दुखावणे, असे अनेकांना वाटते. विद्यापीठातील समुपदेशन विनामूल्य असते, इंग्रजीतही मिळते, आणि समुपदेशकांवर गोपनीयतेचे कायदेशीर बंधन असते. ते प्राध्यापकांना कळवत नाहीत, निवास परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवत नाहीत आणि आईवडिलांनाही कळवत नाहीत. याची दुसरी बाजू तुमच्या पालकांनीही समजून घ्यावी: त्यांनी इकडे फोन करून मुलाच्या गुणांची किंवा प्रकृतीची चौकशी केली तर विद्यापीठ काहीही सांगणार नाही. म्हणून इथल्या एखाद्या विश्वासू मित्राचा क्रमांक घरी देऊन ठेवा. समुपदेशनाची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा झोप उडाल्याचे किंवा खोलीबाहेर पडावेसे वाटत नसल्याचे जाणवताच नाव नोंदवा. अगदी असह्य होईपर्यंत थांबू नका. जिवाला धोका वाटला तर ११२ हा क्रमांक आहे, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असल्यास ११६११७.

पैशांची अडचण आली तर लाजून शिक्षण अर्धवट सोडू नका. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी-मंडळांकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी आपत्कालीन मदत असते, आणि ती देताना धर्म पाहिला जात नाही. घरमालकाशी वाद झाला तर आस्टा, म्हणजे विद्यार्थ्यांची निवडून आलेली कार्यकारिणी, कायदेविषयक सल्ला मिळवून देते. नोकरीच्या बाबतीत इतकेच की, वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि विद्यापीठातील सहायकाचे काम, ज्याला इथे सगळे ‘हिवी’ म्हणतात, या मर्यादेत धरले जात नाही. पण पहिल्या सत्रात कामाच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

राहिला भारतीय मुलांच्या ग्रुपचा प्रश्न. त्यात जरूर सामील व्हा. तात्पुरता मुक्काम, जुनी सायकल, कुकर, आजारपणात वरणभात या गोष्टी तिथूनच मिळतात, आणि गणपतीत व दिवाळीत मराठी मुले एकमेकांना शोधून काढतात. परंतु नियमांबाबतची माहिती तिथून घेऊ नका. कामाच्या पूर्ण दिवसांची मर्यादा फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत १२० होती, ब्लॉक्ड अकाउंटची रक्कमही सप्टेंबर २०२४ मध्ये वाढली, आणि काही वर्षांपूर्वी आलेला मित्र त्याच्या वेळचे आकडे पूर्ण खात्रीने सांगतो. मुदत, रक्कम आणि कागद या तीन बाबतींत संबंधित कार्यालयाला लेखी विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. तिकीट काढण्यापूर्वी दोन ईमेल पाठवा: एक फाखशाफ्टला परिचय-कार्यक्रमाच्या तारखेसाठी, दुसरा श्टुडिअरेंडेनवेर्कला तुमच्या अर्जाचा प्रतीक्षाक्रम विचारण्यासाठी. दोन्हींची उत्तरे आली की मला कळवा. खोली मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामाची सोय मी इथे पाहते.