दर शुक्रवारी मुलाचं पोट दुखतं, पाठवणं थांबवू का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी परस्पर संमतीनं आमचा घटस्फोट झाला. आठ वर्षांच्या मुलाचा ताबा संयुक्त आहे. आठवडाभर तो माझ्याकडे कोथरूडला असतो. शुक्रवारी संध्याकाळी सातला त्याचे बाबा सोसायटीच्या गेटवरून त्याला चिंचवडला नेतात आणि रविवारी रात्री आणून सोडतात. गेले दोन महिने शुक्रवार उजाडला की त्याचं पोट दुखतं, तो रडतो. ‘इकडे आला की रमतो,’ असं बाबा म्हणतात. मी पाठवणं बंद करू शकते का? संयुक्त ताबा रद्द होईल का?

उत्तर : ताई, परस्पर बंद करू नका. तुमच्या संमती अटी हुकूमनाम्याचा भाग आहेत, म्हणजे तो कोर्टाचा आदेश आहे. तुम्ही थांबवलंत की बाबा दरखास्त लावतील, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करा असा अर्ज कोर्टात देतील, आणि पोटदुखी राहील बाजूला, तुमच्या हट्टावरच तारखा पडतील. मुलगा खरंच तापानं फणफणला असेल तर बाबांना मेसेज करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि बुडालेले दिवस कधी भरून देणार तेही त्यातच लिहा.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो हे खरं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही बदलासाठी अर्ज करता येतो. पण कोर्ट बघतं ते मुलाचं हित. बाबांकडे रमणारा मुलगा निघताना रडतो, एवढ्यावर संयुक्त ताबा जाईल असं मला वाटत नाही. आणि रडण्याचे व्हिडिओ काढत असाल तर आजच थांबवा. असा पुरावा घेऊन येणाऱ्यांना मी एकच विचारते, मूल रडत होतं तेव्हा तुमचा हात मोबाइलवर का होता? न्यायाधीशही हेच विचारतील. शिवाय ते मुलाशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलू शकतात, आणि पढवलेलं वाक्य तिथे लगेच ओळखू येतं.

मला खुपतंय ते गेट. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्या दहा पावलांत मुलानं दप्तर घेऊन बाजू बदलायची! त्यापेक्षा शुक्रवारी बाबांनी त्याला शाळेतूनच न्यावं आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडावं. तुमचा निरोप तो रोजच्यासारखा सकाळी डबा घेताना घेईल. एक रात्र जास्त जाते म्हणून तुम्ही कचराल, पण माझ्या मते ती द्यावी. बाबा तयार असतील तर दोघांच्या सहीचं पत्र शाळेला द्या आणि बदललेली वेळ दोघांच्या सहीच्या अर्जानं कोर्टाच्या रेकॉर्डवर आणा. तोंडी ठरलेलं पुढच्या भांडणात टिकत नाही.

गणवेशाचा एक जोड तिकडेही ठेवा. माझ्या एका पक्षकाराच्या मुलीची कंपासपेटी दर सोमवारी दुसऱ्या घरी राहायची. आई म्हणे बाबा निष्काळजी, बाबा म्हणत आईनं भरलीच नाही. दोन तारखा त्यावर गेल्यावर मीच सुचवलं, दुसरी घ्या.

शनिवार-रविवारी फोन जरूर करा. २०२० च्या यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, मूल ज्याच्याकडे नसेल त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं त्याच्याशी बोलता यावं, असं म्हटलं आहे. मात्र ‘घरी कोण आलं होतं, काय जेवलास’ ही उलटतपासणी त्यात नको. पोटदुखीचं मूळ कधीकधी तिथेही सापडतं.

मारहाण किंवा भीतीबद्दल तो स्वतःहून काही बोलला, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून त्याच दिवशी वकील गाठा. तसं नसेल, तर दोघं मिळून कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकांना भेटा. पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका.